आशुराचा रोजा, वैनगंगेचा पूर आणि आपला तवक्कुल

30 ऑगस्ट 2020, रविवार. मुहर्रमची दहा तारीख, म्हणजे आशुरा. मी नऊ आणि दहा असे दोन्ही रोजे ठेवले होते. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) हिजरत करून मदिनेत आले तेव्हा तिथले यहुदी या दिवशी रोजा ठेवत असत. कारण विचारले तर त्यांनी सांगितले की, याच दिवशी अल्लाहने हजरत मूसा (अलै.) आणि त्यांच्या लोकांना फिरऔनच्या तावडीतून सोडविले. मूसांशी आमचे नाते तुमच्यापेक्षा जवळचे आहे, असे म्हणून प्रेषितांनी स्वतः रोजा ठेवला आणि सोबत्यांनाही ठेवायला सांगितला. हा प्रसंग आपण दरवर्षी खुतब्यात ऐकतो.

त्याच दिवशी आमच्या भागात वैनगंगेला महापूर होता. वर मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला होता, शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचे दरवाजे उघडले होते आणि ते सगळे पाणी खाली आले होते. गोंदिया जिल्ह्यातल्या नदीकाठच्या बांध्या पाण्याखाली गेल्या. भंडारा शहराच्या वस्त्यांत पाणी शिरले. गोसेखुर्द धरणाचे सगळे 33 दरवाजे उघडावे लागले.

दुपारी झोहरच्या नमाजनंतर मोहल्ल्याच्या ग्रुपवर एक मेसेज आला. त्याचा आशय असा होता की, आधी महामारी आली, मग टोळ आले, आता तुफान आले. फिरऔनवर जे जे आले तेच येत आहे आणि तेही नेमके आशुराच्या दिवशी. शेवटी लिहिले होते, समझदार को इशारा काफी है. त्याखाली 'बेशक', 'सुबहानल्लाह' अशा प्रतिक्रियांची रांग लागली.

मी काहीच लिहिले नाही. त्या मेसेजला विरोध करण्याचा अधिकार मला आहे असे मला वाटेना, कारण तीन महिन्यांपूर्वी हाच विचार माझ्याही मनात येऊन गेला होता. हा लेख त्या विचाराबद्दल आहे. दरवर्षी मुहर्रम आला की तो दिवस मला आठवतो आणि दरवर्षी कुठे ना कुठे तसाच मेसेज फिरत असतो. म्हणून आज लिहून टाकतो.

मनातला चोर

2020 चा एप्रिल महिना मराठी मुसलमान विसरू शकत नाही. मार्चच्या शेवटी दिल्लीच्या निजामुद्दीन मर्कजची बातमी आली आणि दोन-चार दिवसांत देशभर एकच सूर लागला की, करोना मुसलमानांनी पसरविला. टीव्हीवर तेच, मोबाइलवर तेच. ज्या भाजीवाल्याकडून लोक वर्षानुवर्षे भाजी घेत होते त्याला नाव विचारले जाऊ लागले. पुढे 21 ऑगस्ट 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगी जमातच्या 29 परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले आणि या लोकांना बळीचा बकरा बनविल्यासारखे दिसते, अशा अर्थाचे मत नोंदविले. पण एप्रिलमध्ये हे कोणाला ठाऊक होते? तेव्हा आपण फक्त ऐकून घेत होतो.

तिरोड्याकडे, नदीपासून फार दूर नसलेल्या एका गावातून आमच्या घरी वडिलांच्या काळापासून वर्षाचे धान येते. देणारे शेतकऱ्याचे घर तेच, घेणारे आम्ही तेच. एप्रिलमध्ये त्याचा फोन आला. आवाज खाली होता. म्हणाला, "भाई, काही दिवस गावात येऊ नका. लोक काहीबाही बोलून राहिले." एवढेच. तो वाईट माणूस नाही. तो घाबरला होता, गावाला घाबरला होता. पण मला ते लागले. तीस वर्षांचा संबंध एका टीव्हीच्या बातमीने तुटतो म्हणजे काय, असे वाटले. कोणाला बोललो नाही. रमजान होता, गिळून टाकले.

25 मे रोजी ईद झाली. गळाभेट नाही, ईदगाह नाही. त्याच आठवड्यात बातमी आली की वाळवंटी टोळांचे थवे विदर्भात शिरले आहेत. आधी अमरावती, मग नागपूर, मग भंडारा आणि तिथून आमचा गोंदिया जिल्हा. एक चौरस किलोमीटरच्या थव्यात चार ते आठ कोटी टोळ असू शकतात आणि असा थवा एका दिवसात सुमारे पस्तीस हजार माणसांचे अन्न फस्त करतो, असे जागतिक अन्न व कृषी संघटना सांगते. शेतकरी थाळ्या वाजवीत होते, धूर करीत होते. रात्री टोळ झाडांवर बसले की फवारणी करायची, अशी कृषी विभागाची धावपळ चालू होती. खरिपाची पेरणी व्हायची होती म्हणून बरेच निभावले.

ती बातमी वाचताना माझ्या मनात पहिला शब्द कोणता आला ते सांगतो. आता कळेल.

तोंडातून निघाला नाही, पण मनात आला. त्यामागून लगेच त्या शेतकऱ्याचे गाव आठवले आणि तरीही मला वाईट वाटले नाही. एक महिना रोजे ठेवून, तरावीह पढून, ईदच्या आठवड्यात माझ्या मनाची ही अवस्था होती.

कुरआनात ही कथा कशी येते?

टोळांची ही कथा सूरह अल-आराफमध्ये आयत 130 पासून 136 पर्यंत येते. आधी फिरऔनच्या लोकांवर दुष्काळ आणि पिकांची घट आली. तरी ते वळले नाहीत. मग एकामागून एक पाच गोष्टी आल्या. तुफान, टोळ, कुम्मल, बेडूक आणि रक्त. कुम्मल म्हणजे नेमके काय, यावर भाष्यकारांत मतभेद आहेत. कोणी उवा म्हणतात, कोणी टोळांची पिले, तर इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडून धान्यातील किड्यांचा अर्थही आला आहे. आमच्या राईस मिलच्या गावात तो अर्थ चटकन समजतो. गोदामातल्या तांदळात सोंडे लागले की काय होते ते इथल्या हमालालाही माहीत आहे.

बायबलमध्ये, निर्गम नावाच्या पुस्तकात, हीच कथा दहा आपत्तींची आहे. त्यात गोमाश्या, गुरांचा रोग, फोड, गारा, अंधार आणि शेवटी पहिल्या मुलांचा मृत्यूही येतो. कुरआन एके ठिकाणी मूसांना दिलेल्या नऊ स्पष्ट निशाण्यांचा उल्लेख करते. तपशील वेगळे आहेत, पण गाभा एकच आहे. एक सत्ता आहे, तिने एका समाजाला गुलाम केले आहे, त्यांची मुले मारली आहेत. एक प्रेषित येऊन मागणी करतो की या लोकांना माझ्याबरोबर जाऊ द्या. सत्ता ऐकत नाही. संकट येते, सत्ता वचन देते, संकट टळते आणि सत्ता वचन मोडते. हे पुन्हा पुन्हा होते.

आपल्यासारख्या अल्पसंख्य आणि दुखावलेल्या समाजाला ही कथा का जवळची वाटते हे सांगायला नको. पण आपण ती वाचताना एक चलाखी करतो. आपण स्वतःला बनी इस्राईलच्या जागी ठेवतो, ज्याने आपल्याला दुखविले त्याला फिरऔनच्या जागी बसवितो आणि मग टोळांची वाट पाहतो. म्हणजे तवक्कुल आपल्यावर, कष्ट टोळांवर!

खापर कोणी कोणावर फोडले?

याच आयतींत एक वाक्य आहे ज्यावरून आपण भरभर पुढे जातो. आयत 131 चा आशय असा की, चांगले दिवस आले की फिरऔनचे लोक म्हणत, हा तर आमचा हक्कच. आणि संकट आले की ते मूसा आणि त्यांच्या सोबत्यांचा अपशकुन मानत. यांच्यामुळे झाले, या लोकांचा पायगुण.

एप्रिल 2020 मध्ये आपल्याशी जे झाले त्याचे याहून नेमके वर्णन शोधून सापडणार नाही. एका रोगाचे खापर एका समाजावर फोडले गेले. कुरआनच्या भाषेत ही फिरऔनच्या दरबाराची रीत आहे.

पण आता तोच नियम स्वतःला लावून पाहू. टोळ आले. आपण म्हणालो, त्यांच्या कर्माने आले. पूर आला. आपण म्हणालो, त्यांच्या जुलमामुळे आला. ते म्हणाले रोग तुमच्यामुळे, आपण म्हणालो पूर तुमच्यामुळे. दोघांची वाक्यरचना एकच झाली. ज्या रीतीने आपल्याला जखम झाली तीच रीत आपण उचलली आणि वर तिला ईमानचे नाव दिले. फिरऔनच्या विरोधात उभे राहता राहता माणूस त्याच्या दरबारची भाषा कधी बोलू लागतो ते त्याला कळत नाही. मलाही कळले नव्हते.

प्रत्येक आपत्ती अजाब असते का?

फिरऔनवर आलेल्या आपत्ती अजाब होत्या हे आपल्याला कशावरून कळते? कुरआनने सांगितले म्हणून. तिथे प्रेषित हजर होता, मागणी स्पष्ट होती, इशारा आधी दिला गेला होता आणि प्रेषिताने दुआ केल्यावर संकट टळत होते. अमुक संकट अमुक लोकांवर अजाब म्हणून आले, हे सांगायला वह्य लागते. वह्यचे दार प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्यानंतर बंद झाले आहे. मोहल्ल्याच्या ग्रुपवर ते पुन्हा उघडलेले नाही.

ज्यांना शंका असेल त्यांनी अमवासची साथ आठवावी. हिजरी सन 18 मध्ये शाम प्रांतात प्लेगची भयंकर साथ आली. त्या साथीत हजरत अबू उबैदा (रजि.) गेले, ज्यांना प्रेषितांनी या उम्मतीचे विश्वासू म्हटले होते. हजरत मुआज बिन जबल (रजि.) गेले, ज्यांच्या हलाल-हरामच्या ज्ञानाची प्रेषितांनी तारीफ केली होती. साथ म्हणजे अजाबच असेल तर या दोघांबद्दल काय म्हणायचे? म्हणणारा स्वतःच कानाला हात लावील. मग जो निकष आपण सहाबांना लावायला धजत नाही, तो तिरोड्याच्या दोन एकरवाल्या कास्तकाराला लावायला आपली जीभ कशी धजते?

आणि हेही पाहा. बायबलमधील कथेत बनी इस्राईल राहत होते तो गोशेन नावाचा प्रदेश कित्येक आपत्तींतून वेगळा राखला गेला, तिथे गोमाश्या आल्या नाहीत, गारा पडल्या नाहीत. आमच्या जिल्ह्यात असे गोशेन कुठे आहे? वैनगंगेचे पाणी घराच्या दारावर कोणाचे नाव आहे ते वाचून शिरले नाही. धान बुडाले तर मिलमध्ये हमाली करणाऱ्याचे काम बुडते, बैलगाडी दुरुस्त करणाऱ्याचे बुडते, आठवडी बाजारात बांगड्या विकणाऱ्याचे बुडते. यात आपली माणसे किती आहेत ते मोजा. ज्याला आपण त्यांच्यावरचा अजाब म्हणत होतो त्याची झळ आपल्याच चुलीला लागत होती.

मूसांची दुआ कोणासाठी होती?

आता या कथेतील जो भाग मला सर्वांत जड गेला तो सांगतो. आयत 134 चा आशय असा आहे की, संकट कोसळले की फिरऔनचे लोक मूसांकडे येत आणि म्हणत, तुमच्या रबकडे आमच्यासाठी दुआ करा. संकट टळले तर आम्ही ऐकू. आणि संकट टळत असे. बायबलमध्येही फिरऔन मूसांना दुआची विनंती करतो आणि मूसा दुआ करतात.

मूसांना ठाऊक नव्हते का की ही माणसे वचन मोडणार? एकदा नाही, अनेकदा मोडले होते. तरी त्यांनी हात उचलले. टोळ हटावेत म्हणून, बेडूक हटावेत म्हणून, ज्यांनी आपल्या समाजाची मुले मारली त्यांच्या शेतासाठी आणि पाण्यासाठी. मी टोळांच्या बातमीवर आता कळेल म्हणालो. अल्लाहच्या प्रेषिताने टोळ परत जावेत म्हणून दुआ केली.

इथे जाणकार वाचक म्हणतील की, मूसांनी फिरऔनविरुद्ध बद्दुआही केली होती. खरे आहे. सूरह यूनुसच्या आयत 88 मध्ये ती आहे. पण ती कोणाविरुद्ध आहे ते नीट वाचावे. फिरऔन आणि त्याच्या सरदारांविरुद्ध, त्यांच्या दौलतीविरुद्ध, जी लोकांना वाटेवरून हटविण्यासाठी वापरली जात होती. नाईलच्या काठी चिखल तुडविणाऱ्या मजुराविरुद्ध ती नाही. आणि ती एका प्रेषिताने केली होती, एका ठरलेल्या क्षणी. आपल्यासमोर आपल्या प्रेषितांचा ताइफचा नमुना आहे. दगडांनी रक्तबंबाळ होऊन निघाले, डोंगरांचा फरिश्ता आज्ञा मागत होता आणि प्रेषित (सल्ल.) म्हणाले की, नको, यांच्या पुढच्या पिढ्यांतून अल्लाहला मानणारे निघतील अशी मला आशा आहे. मूसांची एक बद्दुआ आपल्याला पाठ असते आणि ताइफची दुआ फक्त सीरतच्या जलशापुरती असते, हा हिशेब बरोबर नाही.

मग तवक्कुल म्हणजे काय?

कोणी विचारील, मग दबावाखालच्या माणसाने करायचे काय? अपमान गिळायचा, वर अपमान करणाऱ्यासाठी दुआ करायची आणि गप्प बसायचे?

नाही. कथेत तेही उत्तर आहे. मूसा आले म्हणून बनी इस्राईलचे हाल लगेच संपले नाहीत. उलट वाढले. बायबल सांगते की, फिरऔनने विटांसाठी मिळणारे तणस बंद केले आणि विटांचा आकडा मात्र तोच ठेवला. तणस तुम्हीच गोळा करा, विटा तेवढ्याच द्या. तणस म्हणजे काय हे धानाच्या मुलुखात कोणाला समजवावे लागत नाही. कुरआनातही बनी इस्राईल मूसांकडे तक्रार करतात की, तुम्ही येण्यापूर्वीही आम्हाला त्रास होता आणि तुम्ही आल्यावरही आहे. या तक्रारीवर त्यांना काफिर म्हटलेले नाही. दबलेल्या माणसाचे कण्हणे कुरआनने नोंदवून ठेवले, हे मला फार मोठे वाटते. तवक्कुल म्हणजे दुखतच नाही असे दाखविणे नव्हे.

तवक्कुल हा शब्द याच कथेत, सूरह यूनुसच्या आयत 84 मध्ये येतो. मूसा आपल्या लोकांना सांगतात की, तुम्ही अल्लाहवर ईमान आणले असेल तर त्याच्यावरच भरवसा ठेवा. लोक म्हणतात, ठेवला, आणि जालिमांच्या हातचे खेळणे होऊ नये म्हणून दुआ करतात. आता पुढची आज्ञा कोणती यावी? आकाशाकडे पाहत बसा? टोळ मोजा? नाही. आयत 87 मध्ये मूसा आणि त्यांच्या भावाला आज्ञा होते की, आपल्या लोकांसाठी मिसरमध्ये घरे तयार करा, त्या घरांना किब्ला बनवा आणि नमाज कायम करा.

भरवशाच्या शब्दानंतर लगेच घराचा शब्द येतो. फिरऔनच्या राज्यात, फिरऔन जिवंत असताना, त्याच्यावर आपत्ती कधी येईल याचा हिशेब न करता, घर उभे करा आणि त्याला इबादतीची जागा बनवा.

2020 च्या रमजानमध्ये मशिदी बंद होत्या. आमच्या घरात समोरच्या खोलीतले सामान हटवून तरावीहची सफ लावली होती. ज्याला जेवढे कुरआन पाठ तेवढे त्याने पढायचे. मी अनेकदा चुकलो आणि घरच्यांनी मागून दुरुस्त केले. त्यावेळी मला वाटत होते की आपल्याकडून काहीतरी हिरावले गेले आहे. ही आयत नंतर समोर आली तेव्हा कळले की, मूसांच्या लोकांचा तवक्कुल नेमका अशाच खोल्यांत घडला होता. आम्ही ते करीत होतो आणि त्याची किंमत आम्हाला ठाऊक नव्हती, कारण आमचे लक्ष दुसऱ्यावर काय कोसळते याकडे होते.

तवक्कुलचा दुसरा भाग उपाय. उंट बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही प्रेषितांची शिकवण सर्वांना माहीत आहे. अमवासच्या साथीच्या वेळी हजरत उमर (रजि.) शामच्या वाटेवर सर्ग येथे होते. त्यांनी सल्लामसलत केली आणि परत फिरण्याचे ठरविले. अबू उबैदांनी विचारले, अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय? उमरांचे उत्तर असे होते की, होय, अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जातो. मास्क लावणारा, अंतर पाळणारा, टोळांवर रात्री फवारणी करणारा, पुराआधी गुरे उंचावर नेणारा, हे सगळे उमरांच्याच वाटेवर होते.

आणि तिसरा भाग, हक्क मागणे. मूसा दरबारात गेले होते. तोंडावर बोलले होते. ज्या 29 परदेशी नागरिकांचा उल्लेख वर केला तेही न्यायालयात गेले. अर्ज केला, वकील दिला, तारखा घेतल्या, निकाल मिळविला. मी त्याला तवक्कुलच म्हणतो. द्वेषाविरुद्ध कायद्याने लढणे आणि द्वेष करणाऱ्याच्या शेतावर टोळ पडावेत अशी इच्छा धरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली करणाऱ्याला दुसरीची गरज राहत नाही. बहुधा पहिली न करणारेच दुसरीत रमतात.

इफ्तारनंतरचा फोन

त्या आशुराच्या संध्याकाळी रोजा सोडल्यावर मी त्या शेतकऱ्याला फोन केला. एप्रिलनंतर पहिल्यांदाच. मेसेज वाचून दिवसभर बेचैनी होती म्हणून केला. यात माझा मोठेपणा काही नाही, पाच महिने मी केला नव्हता हे खरे.

तो म्हणाला, "पाणी बांधीतच आहे भाई. रोवणी सारी बुडाली. घरात नाही आलं अजून." मग थांबून म्हणाला, "तुमच्याकडे सारे बरे आहेत ना? त्या दिवशी मी फोनवर तसं बोललो, ते मनातून जाऊन नाही राहिलं." मला काय बोलावे सुचेना. त्याच्या मनात एक वाक्य पाच महिने टोचत होते आणि माझ्या मनात दोन शब्द. त्याने त्याचे बोलून टाकले. माझे मी त्याला आजवर सांगितलेले नाही. इथे लिहितो आहे.

पाणी उतरले. जे उरले त्यावर पाऊसपाण्याने पुन्हा हिरवे धरले. आणि धान निसवल्यावर तुडतुडे आले. हा किडा बारीक असतो, बुंध्याशी बसून रस शोषतो आणि बांधीत मधोमध वाळलेले गोल चट्टे दिसू लागतात. 2017 च्या खरिपातही त्याने पूर्व विदर्भाचे धान खाल्ले होते आणि सरकारला मदत जाहीर करावी लागली होती. दाट रोवणी, युरियाचा जास्त मारा, ढगाळ दमट हवा, ही त्याची कारणे कृषी खाते दरवर्षी सांगते. म्हणजे तुफान झाले, टोळ झाले आणि ज्याला कुम्मल म्हणता येईल असा बारीक किडाही झाला. ग्रुपवरच्या त्या मेसेजवाल्याला यादी पुरी करायला आणखी एक नाव मिळाले असते. पण एव्हाना मला यादीत रस उरला नव्हता. मला त्याच्या बांधीत किती पोती निघाली त्यात रस होता.

फार कमी निघाली. तरी त्या वर्षीही आमच्या घरी त्याचे धान आले, नेहमीपेक्षा कमी. घरच्या खाण्याचे ठेवून जे उरले त्यातून काढले, असे तो म्हणाला. पैसे घेताना मागच्याच भावाने घेतले. ज्या माणसावर आता कळेल असे मी मनात म्हटले होते, त्याच्या हातचा भात आम्ही वर्षभर खाल्ला. कळायचे ते मला कळले.

वाचक मित्रांनो, माझे म्हणणे थोडक्यात एवढेच आहे. फिरऔनवरील आपत्तींची कथा ही आपल्या शत्रूंच्या नावे काढलेले वॉरंट नाही. ती आपल्याला दोन प्रश्न विचारते. संकट दुसऱ्यावर आले तेव्हा तुमचे हात दुआसाठी उठले की टाळीसाठी? आणि संकट तुमच्यावर आले तेव्हा तुम्ही घर किब्ला बनविले, उपाय केला, हक्क मागितला, की फक्त टोळांची वाट पाहिली? पुढच्या आशुराला आमच्या मशिदीत खुतबा देणाऱ्यांना माझी विनंती आहे की, समुद्र फाटल्याचे जरूर सांगा, पण त्याआधी मूसांनी कोणासाठी हात उचलले होते तेही सांगा. आणि त्या दिवशी ग्रुपवर तसा मेसेज आलाच तर त्याखाली एवढेच लिहा की, नदीकाठच्या कोणत्या गावाला काय हवे आहे ते कळवा.

शेवटी अल्लाहकडे दुआ करतो की, ऐ अल्लाह! आमच्यावर जुलूम करणाऱ्यांचे हात रोख आणि आमच्या मनात जुलमाचे बीज पडू देऊ नकोस. आमच्या जिल्ह्याच्या बांध्यांत वेळेवर पाऊस दे, आमच्या नद्यांना मर्यादेत ठेव, धानाला किडीपासून वाचव आणि ते पिकविणाऱ्या सर्वांच्या घरी बरकत दे. आम्हाला असा तवक्कुल दे जो दुसऱ्याच्या नुकसानीवर उभा नसेल. आमीन.